दात साफ केले म्हणून फटी पडल्या?

क्लिनिकचं दार ढकलून काकू आत आल्या त्या मोबाइल पुढे धरूनच. आठ दिवसांपूर्वी मी त्यांचे दात साफ केले होते. मोबाइलवर नातवाने काढलेला त्यांच्याच दातांचा फोटो होता, बोटांनी ताणून मोठा केलेला. खालच्या पटाशीच्या दातांमध्ये, हिरडीला लागून, ओळीने काळे त्रिकोण.

"मॅडम, हे आधी नव्हतं. तुमच्या मशिननं दात कोरले माझे. मेथीची भाजी खाल्ली की पान अडकतंय आणि गार पाणी प्यायलं की शिणशिण होतंय."

मी साफ करण्याआधी काढून ठेवलेला फोटो कॉम्प्युटरवर उघडला. तेच दात, पण जिभेच्या बाजूने. मधे फट नव्हती हे खरं. फटीच्या जागी पिवळट-तपकिरी, खडबडीत अशी एक सलग भिंत होती. काकू पुढे वाकून बघत राहिल्या. "हे काय, दात नाहीत होय?"

नव्हते. ते किटण होतं. गेली कित्येक वर्षं काकूंची जीभ त्यालाच दात समजत होती.

ही तक्रार मला नवी नाही. "दात साफ केले की फटी पडतात, दात हलायला लागतात" हे वाक्य मी लग्नात ऐकलंय, एसटीत ऐकलंय, आणि एकदा माझ्या सख्ख्या मामाकडूनही. त्या भीतीने लोक वर्षानुवर्षं डेंटिस्टकडे फिरकत नाहीत, आणि नेमकं त्यामुळेच शेवटी फटी पडतात. म्हणून ही गोष्ट एकदा मुळापासून सांगते.

आधी कोणती फट, ते ठरवू

"दातात फट आहे" असं म्हणत येणाऱ्यांच्या तोंडात मला तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात.

पहिली म्हणजे वरच्या दोन पुढच्या दातांमधली, टोकापासून हिरडीपर्यंतची मोकळी जागा. लहानपणापासून असते, काहींना ती छान दिसते, आणि बहुतेकदा त्यात आजार काही नसतो. दुसरी फट मुळात फटच नाही. ओठाच्या किंवा गालाच्या बाजूने, दात हिरडीत शिरतो तिथे पडलेली खाच असते ती, नख अडकेल अशी. जोर लावून आडवा ब्रश घासणाऱ्यांना ती बऱ्याचदा होते. ती सिमेंटने भरता येते, पण ब्रशचा हात बदलला नाही तर पुन्हा पडते.

तिसरी फट काकूंची. वर दोन दात एकमेकांना टेकलेले असतात, पण खाली हिरडीजवळ मधे काळा त्रिकोण उघडा पडलेला असतो. आमच्या धंद्यात त्याला सरळ 'ब्लॅक ट्रायँगल' म्हणतात. काळा असा की मागे तोंडातला अंधार दिसतो, दात किडलेला असतो म्हणून नव्हे. यापुढे मी फट म्हणेन ती हीच.

तिथे आधी काय होतं?

आरशात आपल्या हिरड्या नीट बघा. हिरडीची कड सरळ रेषेत जात नाही, कमानी-कमानीने जाते. दाताच्या मध्यावर ती खोल असते आणि दोन दातांच्या मधे तिचं एक टोक उंच चढलेलं असतं. हे गुलाबी टोक म्हणजे पॅपिला. मी त्याला इथे हिरडीचं टोक म्हणते. दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथपर्यंत ते पोचलं, की जागा बंद. घास वरून घसरून जातो, अडकत नाही.

आता महत्त्वाचं. हिरडीला स्वतःचा कणा नाही. ती खालच्या हाडावर पसरलेली असते, पलंगावर चादर असावी तशी. पलंग खचला की चादर खाली येते, ती वर ताणून उपयोग नसतो. दोन दातांच्या मधे जबड्याच्या हाडाचा एक लहान उंचवटा असतो आणि हिरडीचं टोक त्याच्या आधाराने उभं असतं. फट दिसते हिरडीत, पण बहुतेक वेळा घडलेलं असतं ते हाडात. काकूंना मी सगळ्यात आधी एक्स-रे दाखवला तो यासाठीच.

पाच मिलिमीटरचा हिशेब

१९९२ साली अमेरिकेत डेनिस टार्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधं मोजमाप केलं. ३० रुग्णांच्या तोंडातल्या २८८ जागा घेतल्या आणि प्रत्येक ठिकाणी दोन दात जिथे टेकतात तिथपासून खालच्या हाडापर्यंतचं अंतर मोजलं. मग एवढंच पाहिलं, की हिरडीच्या टोकाने मधली जागा पूर्ण भरली आहे की नाही.

अंतर ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी होतं तिथे जवळपास सगळीकडे जागा भरलेली होती. ६ मिलिमीटर झालं की शंभरातल्या ५६ ठिकाणीच भरलेली. ७ मिलिमीटरला फक्त २७. एका मिलिमीटरने एवढा फरक!

या हिशेबातून एक गोष्ट लक्षात येते. अंतर दोन कारणांनी वाढतं. एक तर खालचं हाड खाली सरकतं, नाहीतर दात टेकण्याची जागा मुळातच हिरडीपासून लांब असते. पहिल्यात आजार आहे, दुसऱ्यात ठेवण. उपचार ठरतो तो यावरून.

हाड खाली का जातं?

दातांवर दिवसभर जंतूंचा एक चिकट थर बसत असतो. जिभेने चाचपलं की बुळबुळीत लागतो तो. ब्रशने तो निघतो. राहिला तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांतच कडक व्हायला लागतो आणि त्याचं किटण होतं, नळाच्या तोटीवर किंवा पाणी तापवायच्या बंबात पांढरे थर बसतात तसं. किटण झालं की कितीही घासा, ब्रशला दाद देत नाही. खालच्या पटाशीच्या दातांच्या मागे लाळेच्या ग्रंथी उघडतात, म्हणून ते तिथे सगळ्यात जास्त साठतं. काकूंची भिंत बरोबर तिथेच होती.

किटणाच्या खडबडीत पाठीवर आणखी जंतू बसतात. हिरडी सुजते, लाल होते, ब्रश लागला की रक्त येतं. इथपर्यंत सगळं भरून येण्यासारखं असतं. पण सूज बरीच वर्षं राहिली तर काही जणांत ती आत उतरते. जंतूंशी लढता लढता शरीर आपलंच हाड मागे घेतं. हिरडी आणि दात यांच्यात खोबण तयार होते. लोक याला पायोरिया म्हणतात. दुखत नाही, हीच त्याची खोड. दाढ किडली तर माणूस रात्रीच धावत येतो, पण हाड झिजताना हूं की चूं होत नाही.

याला जोर देणाऱ्या दोन गोष्टी ठळक आहेत. एक तंबाखू. आमच्या भागात मिसरी लावणाऱ्या बायका अजून खूप आहेत. भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने हिरडीवर चोळायची, आणि तीही "दातांसाठी चांगली" म्हणून. सकाळी एकदा, दुपारी एकदा, मग हात लागला की पुन्हा. चोळल्या जागी हिरडी सरकत जाते, मुळं उघडी पडतात, शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. मिसरी हे मंजन नव्हे, तंबाखूच आहे. हे मी रोज सांगते आणि रोज कोणीतरी हसून मान डोलावतं.

दुसरी गोष्ट साखर, म्हणजे मधुमेह. साखर काबूत नसेल तर हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो. उलटंही खरं आहे. हिरड्यांवर नीट उपचार केले की तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा (HbA1c) काही जणांत थोडा उतरतो. कधीकधी माणसाला मधुमेह असल्याचा पहिला संशय दातांच्या खुर्चीतच येतो.

हिरडी निरोगी, तरी फट

आता ठेवणीची गोष्ट. दातांचे आकार बघा. काहींचे दात चौकोनी असतात, बाजूच्या दाताला लांबवर चिकटलेले. काहींचे त्रिकोणी असतात, टोकाला रुंद आणि हिरडीकडे निमुळते. असे दात फक्त टोकाशी टेकतात आणि खाली मोकळी जागा राहते. मक्याच्या कणसातले घट्ट दाणे आणि लसणाच्या पाकळ्या, असा फरक समजा.

त्यातून आणखी एक गाऱ्हाणं येतं. कोणीतरी तिशीत तारा लावून घेतं. वाकडे, एकावर एक चढलेले दात सरळ होतात आणि शेवटच्या महिन्यात आरशात काळे त्रिकोण दिसतात. "पैसे देऊन फटी विकत घेतल्या" असं एकजण मला म्हणाला होता. प्रत्येक वेळी यात डॉक्टरचीच चूक असते असं नाही. दात चढलेले असतात तेव्हा त्यांच्या निमुळत्या बाजू एकमेकींमागे झाकलेल्या असतात आणि मधे हिरडीचं टोक नीट तयारच झालेलं नसतं. दात शेजारी-शेजारी आले की ती मोकळी जागा उघडी पडते. मोठ्या वयात तारा लावणाऱ्यांत हे बरंच दिसतं. पण उपचार सुरू करण्याआधी ही शक्यता सांगायला हवी होती का? हवीच होती. तुम्ही तारा लावणार असाल तर हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

वयाचं म्हणाल तर वय वाढतं तशी हिरडी थोडी खाली येते. पण सत्तरीतही भरलेल्या हिरड्या मी पाहिल्या आहेत आणि पस्तिशीत हलणारे दातही. सगळं वयावर ढकलू नये.

मग मशिनने काय केलं?

वाईला कृष्णेचं पाणी चढलं की घाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत. पाणी ओसरलं की दिसतात. म्हणून पुराने पायऱ्या बांधल्या असं आपण म्हणत नाही.

साफ करण्याच्या मशिनचं टोक अतिशय वेगाने थरथरतं, त्याने किटण तुटून निघतं, सोबत पाण्याचा फवारा असतो. नीट चालवलं तर दात कोरला जात नाही. फट दिसते ती दोन कारणांनी. किटणाने जागा बुजवलेली होती, ती मोकळी झाली. आणि सुजलेली हिरडी फुगून जागा भरत होती, तिची सूज उतरली. हाड आधीच गेलेलं होतं, झाकण फक्त आता निघालं. दात हलण्याचंही तेच. किटणाने शेजारचे दात जणू सिमेंटने जोडून धरलेले असतात. ते निघालं की ढिला दात ढिला वाटतो. हिरडी बरी होत गेली तर त्यातलं काही हलणं पुढे कमीही होतं.

शिणशिण होते ती मूळ उघडं पडल्याने. दाताच्या वरच्या भागावर कडक कवच असतं, मुळावर ते नसतं. बहुतेकांची शिणशिण काही आठवड्यांत ओसरते, आणि त्यासाठी खास पेस्ट मिळते. पण मुळाला कीड लवकर लागते हे लक्षात ठेवा. फट पडलेल्या माणसाने फ्लोराइड असलेली पेस्ट टाळू नये.

एक मात्र मी कबूल करते. हे सगळं साफ करण्याआधी सांगायचं असतं. "नंतर मधे जागा दिसेल, ती आधीचीच आहे" एवढं एक वाक्य. काकूंना मी ते सांगितलं होतं, पण तोंड उघडं आणि मशीन चालू असताना. त्याला सांगणं म्हणत नाहीत.

काडी, दोरा आणि छोटा ब्रश

फटीत अडकलेलं काढायला आपण काय काय वापरत नाही? हॉटेलातली काडी, सेफ्टी पिन, आगपेटीची काडी, शर्टाचा दोरा, व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा. टोकदार वस्तू हिरडीच्या राहिलेल्या टोकालाही खाली दाबते, जखम करते. सेफ्टी पिनचं तर नावच काढू नका.

फटीसाठी खरी वस्तू आहे ती 'इंटरडेंटल ब्रश'. बाटली घासायच्या ब्रशचं चिमुकलं रूप. मधे बारीक तार, भोवती केस, जाडीने काडीपेटीतल्या काडीएवढी किंवा त्याहून बारीक. औषधाच्या दुकानात मिळते, लहान-मोठ्या मापांत. एकाच तोंडात दोन मापं लागू शकतात. माप असं हवं की केस दोन्ही दातांना घासतील पण तार घासणार नाही. अडलं तर जोर करू नका, लहान माप घ्या. रात्री झोपण्याआधी एकदा, प्रत्येक फटीत दोन-चार वेळा आत-बाहेर. पेस्ट लागत नाही. केस विस्कटले की टाकून द्या. दात घट्ट असतील, फट नसेल, तिथे फ्लॉसचा दोरा बरा.

"पण ब्रशने फट वाढली तर?" हे प्रत्येकजण विचारतो. योग्य मापाच्या ब्रशने हाड जात नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते म्हणून जागा किंचित मोठी वाटेल, तेवढंच. पहिले काही दिवस रक्तही येईल. रक्त येतं म्हणून ती जागा सोडून ब्रश करणं म्हणजे गळतं म्हणून नेमकं तेवढंच कौल न शाकारणं. काळजी घेतली की बहुतेकांचं रक्त आठ-पंधरा दिवसांत थांबतं. नाही थांबलं तर दाखवा.

फट बुजवता येते का?

येते, पण क्रम चुकवून नाही. हिरडीत आजार असताना फट बुजवणं म्हणजे ओल असलेल्या भिंतीवर रंग मारणं.

आधी तपासणी. खुणा असलेली एक बारीक, बोथट सळई हिरडीच्या कडेने आत घालून खोबण किती खोल आहे ते मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ४ आणि पुढे, लक्ष हवं. सोबत एक्स-रे. खोबणी असतील तर मुळापर्यंतची खोल सफाई करतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर हिरडी उघडून स्वच्छ करायची छोटी शस्त्रक्रिया, जिला फ्लॅप सर्जरी म्हणतात. हे सगळं आजार थांबवण्यासाठी आहे. याने फट बंद होत नाही, उलट थोडी जास्तच दिसेल. आधीच माहीत असलेलं बरं.

आजार थांबल्यावर दिसण्याचा विचार. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट, ज्याला रुग्ण सिमेंट म्हणतात, ते दातांच्या बाजूंना लावून निमुळता दात थोडा चौकोनी करणं. टेकण्याची जागा हिरडीकडे येते, त्रिकोण लहान होतो. एका बैठकीत होतं. पण काही वर्षांनी रंग बदलतो, कधी कडा तुटते. आणि हिरडीजवळ ओबडधोबड लावलं तर तिथेच घाण साठून पुन्हा पहिले पाढे. हे नाजूक हाताचं काम आहे. लवकर उरकणारा डॉक्टर इथे कामाचा नाही.

तारा किंवा अलाइनर (दातांवर बसवायचे पारदर्शक साचे) असतील तर दुसरी युक्ती आहे. टेकणाऱ्या कडा अगदी थोड्या, प्रत्येक दाताला पाव मिलिमीटरच्या आसपास, घासून सपाट करतात आणि मग दात जवळ ओढतात. बिंदूला टेकणारे दात पट्टीला टेकतात आणि फट आपोआप मिटत जाते. मुळं एकमेकींपासून फाकलेली असतील तर तीही सरळ करता येतात. ठेवणीमुळे पडलेल्या फटीला मला हा उपाय सगळ्यात सरळ वाटतो, वेळ लागला तरी. व्हिनियर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा), कॅप हेही आहेत, पण काळ्या त्रिकोणासाठी चांगला दात घासून कमी करायला मी सहसा सांगत नाही.

हिरडीचं टोकच परत उभं करणं, हे सगळ्यांना हवं असतं आणि तेच सगळ्यात अवघड आहे. जागा चिमूटभर, रक्तपुरवठा तोकडा. तिथे बसवलेली हिरडी टिकेलच असं कोणी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. हायल्युरॉनिक अॅसिड नावाच्या जेलचं इंजेक्शन देऊन टोक फुगवतात, लहान फटींत थोडा फरक पडतो, पण पुनःपुन्हा द्यावं लागतं. खूप दात उघडे पडले असतील तर हिरडीच्या रंगाची काढती-घालती पट्टीही करून मिळते. स्टेजवर किंवा कॅमेऱ्यासमोर काम करणारे ती आनंदाने वापरतात.

आणि काहीच न करणं हाही पर्याय आहे. खालच्या दातांतल्या फटी बोलताना कोणाला दिसतही नाहीत. स्वच्छ राहिल्या की पुरे.

मीठ, हळद, तेल आणि जाहिरातीतली पेस्ट

कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, सुजेला बरं वाटतं. तेलाच्या गुळण्या करायच्या तर करा. पण यातल्या कशानेही गेलेलं हाड परत येत नाही, आणि कडक झालेलं किटण विरघळत नाही. "आठ दिवसांत हिरडी वाढवा" म्हणणारी पेस्ट हिरडी वाढवत नाही, पेस्टवाल्याचा गल्ला वाढवते. खरखरीत मीठ, राख किंवा कोळसा बोटाने रगडणं मात्र आजच बंद करा. त्याने दाताची मान, म्हणजे हिरडीलगतचा भाग, झिजते.

कधी थांबू नये

फट नवी आहे आणि वाढते आहे. पुढचे दात पंख्यासारखे फाकत चाललेत, लग्नाच्या फोटोत नव्हते तसे. हिरडी दाबली की पू येतो, तोंडाला वास येतो, चावताना दात दबल्यासारखा वाटतो. किंवा वय तिशीच्या आत आहे आणि घरात आई-वडिलांचे दात लवकर गेलेत. यातलं एक जरी असेल तर हिरड्यांच्या डॉक्टरला दाखवा. त्यांना पेरिओडॉन्टिस्ट म्हणतात आणि सरकारी दंत महाविद्यालयांत त्यांचा वेगळा विभाग असतो.

काकू तीन महिन्यांनी आल्या. ६ मिलिमीटरच्या खोबणी ४ वर आल्या होत्या, रक्त थांबलं होतं. त्रिकोण होते तिथेच होते. छोटा ब्रश पर्समध्ये, चष्म्याच्या डबीत. या वेळी त्यांनी काकांनाही ओढत आणलं होतं. काका खुर्चीत बसायलाच तयार नव्हते. "मला काय धाड भरलीय? चाळीस वर्षं बिडी ओढतोय, हिरडीतून कधी थेंबभर रक्त आलं नाही."

बिडी-सिगारेटने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आजार असला तरी रक्त फारसं येत नाही. काकांना तोंड उघडायला लावून मी सळई घेतली आणि आकडे सांगत गेले, काकू कागदावर लिहीत गेल्या. पाच. सहा. सहा. आठ.

"आठ म्हणजे?" काकांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच नीट मागे टेकून बसले.